वर्ध्यात मेडिकल कॉलेजं दोन, त्यातलं विद्यापीठ झालं एकच. असं काऊन?

आर्वीनाका
वर्धा शहराच्या एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला यवतमाळ रोडवर सावंगी (मेघे). मधलं अंतर ऑटोनं पार होईल एवढं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, म्हणजे सावंगीच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजपेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं. तरी विद्यापीठ झालं ते धाकटं, २००५ मध्ये. थोरलं आजही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला संलग्न.

हे कशामुळे झालं? 'राजकारण' हे एका शब्दातलं उत्तर मला माहीत आहे. त्याच्या पुढचं कोणी सांगेल का? म्हणजे कायदा काय होता, खाटा किती लागतात, जागा कशा वाढतात, विद्यापीठ झाल्यावर नेमकं काय बदलतं. आणि देवळी-पुलगावकडच्या पेशंटला त्यानं काय फरक पडतो?

तर्रीपोहे
राजकारण.
(रुमाल टाकून ठेवला. बाकीचे या आता.)

फाईलबहाद्दर
सुरुवात १९८३ पासून करावी लागेल. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकलला दार उघडलं. सरकार पैसा देणार नाही, संस्थेनं फीमधून चालवायचं, असा तो सौदा. १९८४ मध्ये कराड, लोणी, आणि आपल्याकडे अमरावतीचं पंजाबराव देशमुख मेडिकल निघालं. सावंगीच्या कॉलेजचे संस्थापक, राजकारणी दत्ता मेघे यांच्या संस्थेचं नागपुरातलं इंजिनिअरिंग कॉलेजही १९८४ चंच. दुसरी लाट १९८९-९० ची. त्यात सावंगी आणि हिंगणा रोडवरचं लता मंगेशकर हॉस्पिटलवालं कॉलेज, दोन्ही १९९० ची. सावंगीचं डेंटल लगेच पुढच्या वर्षी, १९९१.

हे १९९० साल लक्षात ठेवा. त्या वेळी नवं मेडिकल कॉलेज काढायला केंद्राची आधी परवानगी लागत नव्हती. राज्य सरकारनं हो म्हणायचं, विद्यापीठानं (तेव्हा नागपूर विद्यापीठ) संलग्नता द्यायची, की पहिली बॅच सुरू. मेडिकल कौन्सिल (डॉक्टरी शिक्षणावर देखरेख करणारी तेव्हाची केंद्रीय संस्था, आता तिच्या जागी एनएमसी) येणार ती पदवीला मान्यता द्यायची वेळ आल्यावर. मेडिकल कौन्सिलच्या कायद्यात कलम १०-अ आलं आणि हे बंद झालं. दुरुस्ती १९९३ ची, पण लागू २७ ऑगस्ट १९९२ पासून. तिथून पुढे नवं कॉलेज, नवा कोर्स, वाढीव जागा, सगळ्याला आधी दिल्लीची परवानगी. म्हणजे १९९० ची कॉलेजं दार बंद व्हायच्या आत शिरलेली आहेत.

वायगावहळद
फाईलबहाद्दर, 'आत शिरलेली' हा शब्द जरा झोंबतो. १०-अ आल्यावर ही कॉलेजं सुटली असं नाही. पदवीची मान्यता, जागा वाढवणं, पीजी (एमडी-एमएस), या प्रत्येक पायरीला त्यांनाही कौन्सिलसमोर उभं राहावंच लागलं.

फाईलबहाद्दर
मान्य. सुरुवातीचा टप्पा सोपा होता, एवढंच म्हणायचं होतं.

स्टेथोवाला
कायद्याच्या आधी खाटांचा हिशोब समजून घ्या. वाढीचं मोजमाप लोक फीवरून करतात, आणि तिथंच गल्लत होते. मेडिकल कॉलेजमध्ये आधी खाट, मग खुर्ची. इंजिनिअरिंगला इमारत, लॅब, वर्कशॉप उभं केलं की जागा मिळतात. मेडिकलला खाटेवर पेशंट झोपलेला लागतो, आणि पेशंट काही विकत आणता येत नाही.

कौन्सिलच्या १९९९ च्या नियमांत नव्या कॉलेजचा अर्ज करतानाच स्वतःच्या मालकीचं ३०० खाटांचं चालू हॉस्पिटल आणि २५ एकर जमीन मागितली होती. २०२० च्या नियमांत एकरांची अट काढली. २०२३ च्या नियमांत कमीत कमी २२० खाटांचं, दोन वर्षं चालू असलेलं हॉस्पिटल लागतं. त्यापुढचं कोष्टक असं: ५० जागांना २२० खाटा, १०० ला ४२०, १५० ला ६०५. आणि त्यातल्या ८० टक्के वर्षभर भरलेल्या हव्यात.

आता १५० जागांचा हिशोब करा. ६०५ चे ८० टक्के म्हणजे ४८४. रोज, रविवार-पोळा धरून, ४८४ माणसं भरती पाहिजेत. तीही मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, अस्थिरोग अशी विभागवार. सर्जरीत पन्नास जास्त आणि बालरोगात वीस कमी, असं चालत नाही.

तर्रीपोहे
४८४ लोक रोज आजारी पाडायचे म्हणजे जिल्ह्याचं पोहे-तर्रीचं बजेट वाढवावं लागेल. आमचा खारीचा वाटा.

धामनदी
हसण्यावारी नका नेऊ, प्रश्न खरा आहे. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्हा तेरा लाखांचा. त्यात सेवाग्राम, सावंगी, शिवाय सरकारी सामान्य रुग्णालय. सगळ्यांच्या खाटा एका जिल्ह्यातून भरणं अवघड. म्हणून अशी संस्था पेशंट बाहेरून आणते, आणि त्याच्या ठरलेल्या रीती आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती, थेट तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंत तालुक्याच्या गावी तपासणी शिबिर लावायचं. मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशयाची गाठ, गुडघे असे 'थांबू शकणारे' पेशंट निवडायचे. ठरलेल्या दिवशी गाडी पाठवायची, जेवण आणि नातेवाइकाची झोपायची सोय करायची, सुट्टी झाली की गावात आणून सोडायचं.

यात धर्मादाय किती आणि खाटांची गरज किती, हा वाद कितीही घालता येईल. डोळ्याचं ऑपरेशन होऊन म्हातारी परत शेंगा निवडायला बसते, हेही तितकंच खरं.

कापूसकोंड्या
वाद घालूच. गाडी पाठवून फुकट ऑपरेशन करणं ही सेवा असती तर कौन्सिलचं तपासणी पथक यायच्या आठवड्यात गाड्यांची संख्या वाढली नसती. कुठल्या एका संस्थेबद्दल बोलत नाही, राज्यभर हीच तऱ्हा होती. तपासणीच्या दिवशी सकाळी दहाला खाटा मोजतात. दहाला वॉर्डात माणूस असला की झालं.

स्टेथोवाला
कापूसकोंड्या, तऱ्हा होती, आणि ती पकडायची पद्धतही आहे. नुसत्या खाटा मोजल्या तर फसाल. अनुभवी तपासनीस केसपेपर उघडतो. नाडी-बीपीचा तक्ता दर पाळीला भरलाय का? भरतीच्या वेळी रक्त पाठवलं असेल तर सेंट्रल लॅबच्या रजिस्टरला तोच नंबर आहे का? एक्स-रेच्या नोंदी जुळतात का? सर्जरीच्या वॉर्डात चाळीस पेशंट आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) वहीत आठवड्याला पाच ऑपरेशनं, तर गणित चुकलं. सगळ्यात पक्की खूण स्वयंपाकघरात सापडते. डाएटच्या चिठ्ठ्या किती निघाल्या ते बघा.

फॅकल्टीचंही तसंच. पूर्वी डिक्लेरेशन फॉर्म, फॉर्म १६, राहण्याचा पुरावा बघायचे. मग आधारवरची बोटांची हजेरी आली, २०२५ मध्ये चेहऱ्यावरची. हजेरी थेट दिल्लीच्या पोर्टलवर दिसते, त्यामुळे एका दिवसापुरते नागपूरहून आणलेले प्रोफेसर आता पुरत नाहीत.

वायगावहळद
आणखी एक गोष्ट ग्रामीण कॉलेजांची. खाटा वर्षभर सारख्या भरत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की पेरणी. त्या पंधरा-वीस दिवसांत हर्नियावालासुद्धा 'मंग पाहू' म्हणतो. सोयाबीन काढणी ते कापूस वेचणी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पुन्हा तेच. त्या काळात ऐच्छिक ऑपरेशनं ओस, आणि मेडिसिन उलटं भरलेलं: साप, फवारणीची विषबाधा, ताप. जानेवारीनंतर तूर-कापूस घरात आला, हातात पैसा आणि वेळ आला, की अस्थिरोग आणि सर्जरीला रांग. हे न समजता शहरी माणूस वर्षभराचं नियोजन करतो आणि जुलैत तोंडघशी पडतो.

आर्वीनाका
माहिती भारी येतेय. पण खाटांवरून विद्यापीठापर्यंत कसे पोचलो? मधली पायरी दिसत नाही.

स्टेथोवाला
मधली पायरी पीजी.

नव्या कॉलेजला पहिली बॅच शेवटच्या परीक्षेला बसेपर्यंत दरवर्षी परवानगीचं नूतनीकरण. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यामुळे चार-पाच तपासण्या. मग पदवीला मान्यता. त्या काळी मान्यता मिळाली की एमडी-एमएसच्या जागा मागता येत, त्या विभागातल्या प्रोफेसरांच्या संख्येवर ठरतात. अर्हता असलेला एक प्रोफेसर सोडून गेला तर पीजीच्या जागा जातात, म्हणून ग्रामीण भागात पगाराइतकाच क्वार्टर आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न मोठा.

आता पीजी आल्यावर काय होतं ते पहा. दिवसाचं हॉस्पिटल प्रोफेसर चालवतो, रात्रीचं निवासी डॉक्टर. पीजी नसलेलं खेड्यातलं हॉस्पिटल संध्याकाळी सहानंतर थंड. पीजी आले की रात्री दोनला घोणस चावलेला माणूस घेता येतो. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कोणीतरी उभं राहून करतं, प्रतिविषाच्या पहिल्या ८-१० बाटल्या लावून रिॲक्शनवर नजर ठेवतं. फवारणीच्या विषबाधेला अ‍ॅट्रोपिन दर काही मिनिटांनी तपासून वाढवावं लागतं, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर अनेक दिवस. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची जी लाट आली, तेव्हा असे हात किती लागतात ते सगळ्यांनी पाहिलं. थोडक्यात, पीजीमुळे गंभीर पेशंट येतो, गंभीर पेशंटमुळे आयसीयू वाढतं, त्यावर सुपरस्पेशालिटी. विद्यापीठ व्हायला हा सगळा ऐवज लागतो.

फाईलबहाद्दर
आता माझी पाळी. भारतात विद्यापीठ होण्याचे मार्ग थोडे आहेत. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा, नाहीतर यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ चं कलम ३. कलम ३ मध्ये यूजीसीच्या सल्ल्यानं केंद्र सरकार एखाद्या संस्थेला 'विद्यापीठ मानते'. म्हणून मराठीत अभिमत. राज्याच्या स्वतंत्र कायद्यानं होतं ते खासगी किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ. दोन्हींत लोक नेहमी गोंधळ करतात.

मेडिकलमध्ये मणिपाल १९९३ ला अभिमत झालं. महाराष्ट्रात भारती विद्यापीठ १९९६. मग २००२ ते २००६ रांगच लागली: नवी मुंबई, पुणे, लोणी, कराड, सावंगी. हा योगायोग नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विद्यापीठ निघालं आणि राज्यातली सगळी मेडिकल कॉलेजं स्थानिक विद्यापीठांतून उचलून तिकडे गेली. सावंगीचं कॉलेजही नागपूरचं नाशिकला. म्हणजे परीक्षा, अभ्यासक्रम, गाईडची मान्यता, सगळं सहाशे किलोमीटरवर. दुसरी, सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑक्टोबर २००२ चा टी.एम.ए. पै निकाल. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानं खासगी कॉलेजांवर फ्री सीट-पेमेंट सीटची (काही जागा सरकारी फीत, बाकी जास्त फीत) चौकट घातली होती, ती पै निकालानं मोडली. पाठोपाठ फीवर राज्याच्या समित्या बसल्या. अभिमत झालं की राज्याच्या समितीच्या बाहेर, नाशिकच्याही बाहेर. कोणता संस्थाचालक नको म्हणेल?

कापूसकोंड्या
आता आलं खरं उत्तर. फी.

वायगावहळद
फक्त फी म्हणालात तर हिंगणा रोडच्या कॉलेजचं काय? तेही १९९० चं, तेही खासगी, तेही राजकीय घराण्याच्या संस्थेचं. ते आजही नाशिकला संलग्न. फीच कारण असती तर तेही गेलं असतं. अभिमत व्हायला स्वतःचा परीक्षा विभाग, संशोधन, नीतिमत्ता समिती, पीएच.डी.चे गाईड, अनेक विद्याशाखा दाखवाव्या लागतात. सावंगीत मेडिकलसोबत डेंटल होतं, पुढे नर्सिंग, फिजिओथेरपी आणि जवळच सालोड (हिरापूर) ला आयुर्वेद जोडलं गेलं. एका आवारात किंवा शेजारी पाच शाखा असल्या की एक विद्यापीठ दाखवता येतं. आता तर 'दत्ता मेघे इन्स्टिट्यूट'च्या नावातून 'मेडिकल सायन्सेस' जाऊन 'हायर एज्युकेशन अँड रिसर्च' आलंय, इंजिनिअरिंगसुद्धा आहे.

फाईलबहाद्दर
बरोबर, पाया लागतोच. पाया असल्याशिवाय अर्ज टिकत नाही. फायदा नसता तर अर्जही केला नसता. दोन्ही वाक्यं खरी.

तर्रीपोहे
फाईलबहाद्दर निवडणुकीला उभे राहणार दिसतात.

धामनदी
अवांतर: बरेच बाहेरचे लोक समजतात की गावाच्या नावातलं (मेघे) हे संस्थेच्या संस्थापकावरून पडलं. तसं नाही. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे) ही महसुली नावं कॉलेजच्या आधीची. एकाच नावाची गावं फार, म्हणून कंस. सिंदी (मेघे) आणि सिंदी (रेल्वे) हे जिल्ह्यातलंच उदाहरण. पत्त्यात कंस गाळला तर कुरिअर सेलू तालुक्यात जातं.

फाईलबहाद्दर
कंसावरून आठवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यूजीसीनं १२३ अभिमत संस्थांना नावातला 'युनिव्हर्सिटी' शब्द काढायला सांगितलं. 'डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी' कंसात लिहायची मुभा. त्यामुळे सावंगीत गावालाही कंस, विद्यापीठालाही कंस.

बारावी_पालक
मध्येच विचारतो, मुलीला नीटमध्ये बरे मार्क आहेत. अभिमत आणि खासगी कॉलेज यांत फॉर्म भरताना नेमका फरक काय? एजंट काहीही सांगतात.

स्टेथोवाला
एजंटला हाकला, आणि हे वाचा.

२०१६ च्या आधी प्रत्येक अभिमत विद्यापीठाची स्वतःची सीईटी असायची आणि राज्यातल्या खासगी कॉलेजांच्या संघटनेची असो-सीईटी. २०१६ ला नीट सक्तीची झाली आणि २०१७ पासून अभिमतचे प्रवेश दिल्लीच्या एमसीसीतर्फे (केंद्राची मेडिकल प्रवेश समिती). म्हणजे राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म वेगळा आणि एमसीसीचा वेगळा. एमसीसीत अभिमतसाठी नोंदणी शुल्क ५,००० रुपये, ते परत मिळत नाही. अनामत २,००,००० रुपये, नियम पाळले तर परत. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत जाते, तेव्हा नको असलेलं कॉलेज पसंतीक्रमात भरूच नका.

तीन गोष्टी पालक विसरतात. एक, अभिमतमध्ये ८५ टक्के राज्य कोटा नसतो. आसाम-राजस्थानची मुलं आणि तुमची मुलगी एकाच यादीत. दोन, राज्याच्या शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या योजना साधारणपणे अभिमतला लागू नाहीत. ८ जुलै २०२४ चा मुलींच्या शंभर टक्के फी माफीचा जीआर आहे ना, आठ लाख उत्पन्नाच्या आतला? त्यातूनही अभिमत आणि खासगी विद्यापीठं वगळली आहेत. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर घेऊन गेलात तरी तिथं फीमध्ये उपयोग नाही. तीन, जाहीर फी ही शिकवणी फी. वसतिगृह, मेस, परीक्षा, 'इतर' असं वेगळं. चार वर्षांची घ्यायची की साडेचार-पाच, आणि दरवर्षी वाढणार का, हे एमसीसीच्या माहितीपत्रकात त्या कॉलेजच्या पानावर असतं. छापून ठेवा.

कापूसकोंड्या
३ फेब्रुवारी २०२२ चं एनएमसीचं पत्र राहिलं की. खासगी आणि अभिमतमधल्या ५० टक्के जागा सरकारी फीच्या दरानं द्या म्हणून.

स्टेथोवाला
पत्र आहे. त्याच्या भरवशावर पैशांचं नियोजन करू नका, एवढंच सांगतो. कॉलेजच्या पानावर जो आकडा आहे तोच धरा.

बारावी_पालक
धन्यवाद. दोन लाखांच्या अनामतीचं कोणीच सांगितलं नव्हतं.

देवळीचा_वाटसरू
मूळ धाग्यातला पेशंटचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. मी घेतो.

२०१३ च्या आधी खासगी ग्रामीण हॉस्पिटलात गरिबाच्या मोठ्या ऑपरेशनचं बिल दोनच वाटांनी सुटायचं. एक वाट सवलतीची, दुसरी वावर विकण्याची. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही योजना २००६ पासून. उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनला १,८०,००० आणि दुर्बलला ३,६०,००० रुपये. तहसीलदाराचा दाखला चालतो.

मग राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत, त्यात आपल्याकडचे गडचिरोली आणि अमरावती. नोव्हेंबर २०१३ ला राज्यभर. आज तीच महात्मा फुले योजना. पिवळं-केशरी कार्ड तर होतंच, पण वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा हे सहा आणि मराठवाड्याचे आठ अशा १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर घेतलं.

हॉस्पिटलच्या वाढीला याचा अर्थ काय? जो पेशंट आधी खाट भरायचा पण बिल भरू शकत नव्हता, त्याचं बिल सरकार भरू लागलं. कापूस पट्ट्यातला हृदयाचा, मूत्रपिंडाचा, कर्करोगाचा पेशंट नागपूरच्या मेडिकलची रांग सोडून इकडे वळला. सुपरस्पेशालिटी विभाग खेड्यात टिकतात त्याचं मोठं कारण मला हे वाटतं. विद्यापीठाचा दर्जा नंतर.

कुठं अडतं तेही लिहितो. योजनेत ठरलेले पॅकेज आहेत. पॅकेजमध्ये नसलेला आजार किंवा निदान होण्याआधीच्या तपासण्या खिशातून. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव. कागदांत नावाचं स्पेलिंग वेगळं असलं (रेशनवर 'गंगाबाई', आधारवर 'गंगूबाई') की पूर्वमंजुरी लटकते. म्हणून भरतीच्या आधी योजनेच्या खिडकीवरच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, दोन्ही कागद दाखवा. भरती होऊन बिल फाटल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

धामनदी
+१. आणि सिकलसेलच्या पेशंटनं लाल-पिवळं जे काय तपासणी कार्ड असेल ते बरोबर ठेवावं. नागपूर-वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हे प्रमाण मोठं, आणि रात्री कळा येऊन आलेल्या पोराची पहिली तास-दोन तास अपेंडिक्स समजून तपासणी होते.

कापूसकोंड्या
देवळीचा वाटसरू, मुद्दा पटला, पण उलट बाजू मांडतो. एका जिल्ह्यात दोन मोठी हॉस्पिटलं असल्यामुळे सरकारनं वर्ध्यात स्वतःचं मेडिकल कॉलेज काढायला किती वर्षं लावली? हिंगणघाटला त्यासाठी आंदोलन करावं लागलं. यवतमाळला १९८९, अकोल्याला २००२, चंद्रपूरला २०१५, गोंदियाला २०१६. 'तुमच्याकडे आहेत की' हे वाक्य वर्धेकरांच्या वाट्याला. आणि नियम म्हणतो दहा लाख लोकसंख्येमागे शंभर जागा, म्हणजे आमचा कोटा केव्हाच संपला.

फाईलबहाद्दर
दुरुस्ती: दहा लाखांमागे शंभर जागा ही अट २०२३ ची आणि ती राज्याच्या लोकसंख्येला लावायची, जिल्ह्याच्या नाही. शिवाय तिची अंमलबजावणी लगेच पुढे ढकलली. बाकी मुद्दा योग्य.

आर्वीनाका
सावंगीचं कळलं. पण माझा अर्धा प्रश्न अजून लोंबकळतोय. सेवाग्राम का नाही झालं?

वायगावहळद
कारण त्याच्या पैशाची वाटच वेगळी आहे.

कस्तुरबा हॉस्पिटल निघालं कस्तुरबांच्या मृत्यूनंतर, पंधरा खाटांचं, बायका-पोरांसाठी. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी, आणि १९६९ च्या गांधी शताब्दी वर्षात डॉ. सुशीला नय्यर यांनी मेडिकल कॉलेज काढलं. खर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राचा, २५ राज्याचा, २५ सोसायटीचा. म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीवर संस्था अवलंबून नाही. फी ठरवायचं स्वातंत्र्य हा अभिमत होण्याचा मोठा फायदा, तो इथं लागूच होत नाही. संस्था अभिमत झाली असती तर अनुदानावरच प्रश्न आला असता.

दुसरं, तिथं वाढीची कल्पनाच निराळी. नव्या बॅचचं पहिलं शिबिर बापूंच्या आश्रमात, पंधरा दिवस. खादी, श्रमदान, प्रार्थना. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि घरोघर फिरून कुटुंबं वाटून घेते. इथल्या पीजीला अर्ज करायचा तर दोन वर्षं ग्रामीण सेवेची अट असायची. गावकऱ्यांकडून आरोग्य विम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपात घ्यायची पद्धत इथलीच. सुगीत ज्वारी गोळा करायची, वर्षभर उपचारात सवलत. रोख पैसा नसलेल्या शेतकऱ्याला याहून सोपा विमा नव्हता. अशी संस्था जागा दुप्पट करायच्या मागे लागत नाही.

कापूसकोंड्या
अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा, हेही लिहा. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेचं ते दुखणं. एमआरआय बिघडलं तर खासगी संस्था आठवड्यात सुटा भाग मागवते. इथं निविदा.

वायगावहळद
लिहिते. आणि खासगीत फी भरणाऱ्या पोराच्या बापाचं कर्जही लिहा. सुटा भाग त्यातूनच आलेला असतो.

स्टेथोवाला
एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. पोरगं आसामचं असो की आर्वीचं, तिसऱ्या वर्षाला वॉर्डात त्याला 'पोटात गुरगुर करते', 'हातपाय उलून राहिले', 'जीव कसाबसा होते' हे समजून केस लिहावी लागते. मराठी संवादाचे वर्ग लावतात खरे, पण प्रमाण मराठी शिकून आलेलाही समुद्रपूरच्या आजोबांपुढे पहिल्या दिवशी गारद होतो.

तर्रीपोहे
'कसंतरीच होऊन राह्यलं' याचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला थेट एमडी द्या, परीक्षा नको. अभिमत विद्यापीठाला तेवढा अधिकार आहे ना, फाईलबहाद्दर?

फाईलबहाद्दर
अभ्यासक्रमात स्वायत्तता आहे, पण एनएमसीच्या किमान मानकांच्या खाली जाता येत नाही. तेव्हा परीक्षा द्यावी लागेल.

आर्वीनाका
म्हणजे मला समजलं ते असं: १९९० ला दार उघडं होतं, खाटा भरायला कापूस पट्टा होता, पीजीनं रात्रीचं हॉस्पिटल उभं केलं, २००२ नंतर अभिमत होण्यात फायदा होता आणि मेडिकलसोबत डेंटलसारख्या शाखा हाताशी होत्या. सेवाग्रामला त्यातली गरज नव्हती. चुकलं असेल तर सांगा.

कापूसकोंड्या
'राजकारण' राहिलं.

तर्रीपोहे
ते मी पहिल्याच प्रतिसादात टाकलंय. रुमाल उचलतो.

देवळीचा_वाटसरू
धागा थंड व्हायच्या आत: उद्या-परवा कोणी पेशंट घेऊन निघत असेल तर यवतमाळ रोडनं येताना वर्ध्यात शिरायची गरज नाही, सावंगी शहराच्या आधीच लागतं. सेवाग्रामला जायचं तर मात्र शहर ओलांडावं लागतं. ऑटोवाल्याला नुसतं 'मेडिकल' म्हणू नका. कोणतं, ते विचारल्याशिवाय तो हलत नाही.